आधी झोप, मग वेळापत्रक: शिफ्टमध्ये चालणाऱ्या एका घराचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे कुटुंब भोसरी परिसरातलं. कुटुंबाच्या संमतीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि नावं न देता दोघांना ताई आणि दादा म्हणते, कारण आमच्या समुपदेशन केंद्रात आम्ही त्यांना तसंच म्हणायचो.

ताई ३३ वर्षांच्या, एका पतसंस्थेच्या शाखेत कॅशियर. दादा ३७ वर्षांचे, चाकण एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात मशीन ऑपरेटर. मोठी मुलगी सात वर्षांची, सकाळच्या शाळेत दुसरीला. धाकटा १४ महिन्यांचा. घर एका गुंठ्यातलं, बैठं. त्यावर दोघांच्या नावाने कर्ज, हप्ता १८,४०० रुपये. दादांच्या हातात ३४,००० येतात, ताईंच्या हातात २१,५००. सासू-सासरे सोलापूर जिल्ह्यात गावी असतात. सासऱ्यांना अर्धांगवायूचा झटका येऊन गेलेला, त्यामुळे सासूबाईंना गाव सोडून फार दिवस राहता येत नाही. ताईंची आई हयात नाही.

दादांची शिफ्ट दर आठवड्याला बदलते. पहिली शिफ्ट असली की पहाटे ५:४० ला कंपनीची बस, घरी परत ३:५० ला. दुसरीला दुपारी २:१० ला निघायचं आणि रात्री १२:२० ला यायचं. तिसरीला रात्री १०:४० ला निघायचं, सकाळी ७:२० ला यायचं. साप्ताहिक सुट्टी गुरुवारी, आणि त्यातले बहुतेक गुरुवार ओव्हरटाइममध्ये जायचे, कारण ओव्हरटाइमला दुप्पट दर मिळतो आणि हप्ता डोक्यावर असतो. ताईंची सुट्टी रविवारी. म्हणजे दोघं एकाच दिवशी दिवसभर घरी असणं जवळपास नाहीच.

यात पाण्याची भर. पिंपरी-चिंचवडमध्ये नोव्हेंबर २०१९ पासून दिवसाआड पाणी येतं. यांच्या गल्लीत ते पहाटे साडेचारच्या सुमाराला यायचं. उठून खालच्या टाकीचा नळ सोडायचा, टाकी भरून वाहायला लागायच्या आत बंद करायचा, मोटर लावून वरच्या टाकीत चढवायचं. वरची भरली की मोटर बंद. दरम्यान पिण्याचं वेगळं भरून घ्यायचं. हे ताईंचं काम होतं. ते त्यांच्याकडे कधी आणि कसं आलं, हे दोघांनाही सांगता येईना.

ताईंनी बाळंतपणाची २६ आठवड्यांची पगारी रजा पूर्ण घेतली होती. रुजू झाल्याला आठ महिने होत आले होते.

अडचण

ते आमच्याकडे आले ते घरातली भांडणं वाढली म्हणून. झोपेचा उल्लेख पहिल्या बैठकीत जवळजवळ अर्ध्या तासाने आला, तोही ताईंच्या एका अर्धवट वाक्यात: "झोपेचं काय, त्याची सवय झालीय आता."

भांडणाला निमित्त शाखेतल्या एका चुकीचं झालं. एका सभासदाला ४०,००० रुपये द्यायचे होते. पाचशेच्या ८० नोटा मोजून द्यायच्या, तर ताईंनी शंभर नोटांचं अख्खं बंडल काचेखालून सरकवलं. ते ५०,००० चं. संध्याकाळी कॅश जुळेना. तीनदा मोजली, नोटांचा तपशील पुन्हा लिहिला, दहा हजार कमीच. शेवटी सीसीटीव्ही पाहिलं. त्यात ताई बंडल उचलतात, वरच्या कागदी पट्टीवर बोट ठेवतात, मान हलवतात आणि देऊन टाकतात. सभासद भला माणूस होता, सकाळी त्याने पैसे आणून दिले. पण शाखाधिकाऱ्यांनी लेखी समज दिली. त्याआधी शंभर-दोनशेची तूट दोन-तीनदा आली होती आणि ती ताईंनी स्वतःच्या पर्समधून भरली होती, हे दादांना त्या रात्री पहिल्यांदा कळलं. त्यावरून दोन दिवस अबोला.

आणखी एक गोष्ट ताईंनी दुसऱ्या बैठकीत सांगितली. घरापासून शाखा सात किलोमीटर. परतताना सिग्नलला स्कूटर थांबवली की डोळे मिटायचे. मागून हॉर्न वाजला की जाग. एकदा चालत्या गाडीवर डोळा लागला आणि पुढचं चाक दुभाजकाला घासलं. पडल्या नाहीत. धाकटा पुढे उभा नव्हता, कारण त्या दिवशी त्याला शेजारच्या आजींनी पाळणाघरातून आणलं होतं.

इथे प्रकरणाचा अग्रक्रम बदलला. नवरा-बायकोतला संवाद सुधारण्याचं काम आम्ही बाजूला ठेवलं. सलग १७ ते १९ तास जागं असलेल्या माणसाच्या प्रतिक्रिया रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतक्या मंदावतात, असं २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं होतं. आपल्याकडे वाहन चालवताना कायद्याने चालतं ते ०.०३ टक्क्यांपर्यंतच. पहाटे सव्वाचारला उठलेली बाई संध्याकाळी सहाला स्कूटर काढते तेव्हा तिला जागं होऊन चौदा तास होत आलेले असतात आणि आदल्या रात्रीची झोप निम्मीच झालेली असते. म्हणून पहिली सूचना अशी दिली की हे सुटेपर्यंत संध्याकाळी स्कूटर नको, बसने किंवा शेअर रिक्षाने या. वीस-पंचवीस मिनिटं जास्त जाणार होती. ताई नाखूश होत्या, दादांनी मात्र लगेच होकार दिला.

सवयीबद्दलही बोलणं गरजेचं होतं. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही निरोगी माणसांना सलग १४ दिवस रात्री सहा तासच झोपू दिलं होतं. शेवटी शेवटी त्यांची एकाग्रता झोपेविना रात्र काढलेल्या माणसाइतकी ढासळली होती, पण त्यांना स्वतःला आपण तितके पेंगुळलेलो आहोत असं वाटत नव्हतं. हे सांगितल्यावर ताई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे मला कळत नाही तेच खरं."

सात दिवसांची नोंद

दोघांनाही वेगवेगळी वही दिली. काय केलं, किती वाजता, एवढंच लिहायचं. कोणी कोणाची वही वाचायची नाही. तो आठवडा दुसऱ्या शिफ्टचा होता. ताईंच्या वहीतली एक रात्र जशीच्या तशी:

"११:५० आडवी झाले. १२:२५ हे आले, ताट वाढलं, गरम केलं. १:०५ परत झोपले. १:४० बाळ उठलं, पाजलं. २:१५ झोप. ४:१५ पाणी."

तीन तुकडे मिळून तीन तास दहा मिनिटं. आठवड्याची सरासरी काढली तर रोज चार तास चाळीस मिनिटं, आणि सर्वांत मोठा अखंड तुकडा दोन तास पस्तीस मिनिटांचा. प्रौढ माणसाला किमान सात तास लागतात.

घरकाम आणि मुलांचं मिळून ताईंचे रोजचे सहा तास दहा मिनिटं, दादांची पन्नास मिनिटं. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०२४ च्या वेळवापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यातला सरासरी वेळ दिवसाला २८९ मिनिटं आणि पुरुषांचा ८८ मिनिटं आला आहे. मुलांची आणि आजाऱ्यांची देखभाल त्याहून वेगळी. तेव्हा हे घर काही जगावेगळं नव्हतं. पण दादांची वही वाचताना मला एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवावीशी वाटली: त्यांचीही झोप तुटलेलीच होती. तिसऱ्या शिफ्टच्या आठवड्यात तर, त्यांच्या सांगण्याप्रमाणे, ते दिवसा साडेचार तासांपेक्षा जास्त झोपत नव्हते, आणि गुरुवारी पुन्हा ओव्हरटाइम. आळशी नवरा आणि राबणारी बायको अशी मांडणी करून इथे काही साधलं नसतं. या घरातला प्रत्येक मोठा माणूस थकलेला होता. फरक इतकाच की दादांची झोप कंपनीच्या वेळापत्रकाने ठरायची आणि ताईंची झोप म्हणजे सगळ्यांचं सगळं उरकल्यावर शिल्लक राहील ती.

दादांचं म्हणणं होतं, "मॅडम, मी कधी नाही म्हटलंय का? सांगितलं की करतो मी." ते खरं होतं. म्हणून त्यांना एकच काम दिलं: उद्या सकाळी मोठी शाळेत जाईपर्यंत काय काय तयार लागतं, त्याची यादी करा. त्यांनी चार गोष्टी लिहिल्या, डबा, पाण्याची बाटली, दप्तर, गणवेश. शेजारी बसलेली मोठी म्हणाली, "पप्पा, मंगळवारी चित्रकलेची वही. आणि बुधवारी पांढरे बूट. आणि डब्यात दोन खण लागतात, छोट्या सुट्टीचा वेगळा. आणि रिक्षाकाकांचे पैसे एक तारखेला." ती बोलत गेली, दादा लिहीत गेले. शेवटी कागद पुरला नाही. मला वाटतं, त्या घरात जे बदललं त्याची सुरुवात या कागदापासून झाली.

तपासण्या

बैठका सुरू असतानाच ताईंना डॉक्टरांकडे पाठवलं. हिमोग्लोबिन ९.१ निघालं. थायरॉइड ठीक होतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला होता, तेव्हा आश्चर्य वाटण्यासारखं काही नव्हतं. पण थकव्याचा एक भाग झोपेने भरून निघणार नव्हता हे स्पष्ट झालं. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या, चहासोबत घ्यायच्या नाहीत या सूचनेसह. ही सूचना महत्त्वाची, कारण ताई दिवसाला पाच-सहा कप चहावर दिवस ढकलत होत्या. बाळंतपणानंतरच्या नैराश्यासाठी वापरली जाणारी एडिनबरा प्रश्नावलीही भरून घेतली. तिच्यात काळजीचं काही दिसलं नाही.

कोणते पर्याय होते

नोकरी सोडणं. हा पर्याय ताईंनी स्वतःच मांडला, हिशेबासकट. दोन मुलांच्या पाळणाघराचे ७,००० जातात. त्यात पोळ्या, भांडी यांना बाई लावली आणि ओव्हरटाइम कमी केला तर आणखी सात-साडेसात हजारांचा फटका. "म्हणजे माझ्या पगारातले सात हजार उरणार. त्यासाठी जीव काढायचा का?" हिशेब चुकीचा नव्हता, पण त्याची मांडणी मला पटली नाही आणि तसं मी सांगितलं. पाळणाघराचे पैसे फक्त आईच्या पगारातून का वजा करायचे? मुलं दोघांची, कर्ज दोघांचं, तर हा खर्चही ५५,५०० च्या एकत्र रकमेतून वजा करून पाहा. शिवाय भविष्यनिर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी या हिशेबात आलीच नव्हती. धाकटा तीन वर्षांचा होईल तेव्हा परत नोकरी शोधायची तर पतसंस्थेत नऊ वर्षांची कॅशियर म्हणून मिळणारा पगार नवीन जागी मिळणार नाही, हे ताईंना चांगलं माहीत होतं. ताईंना नोकरी आवडते, हेही मी त्यांनाच म्हणायला लावलं. त्या म्हणाल्या, तेव्हा दादांनी मान वर केली. त्यांनी ते आधी ऐकलं नव्हतं.

सासूबाईंना बोलावणं. कायमचं शक्य नव्हतं, कारण वर आलंच आहे. शिवाय गुडघेदुखी असलेल्या साठीतल्या बाईवर १४ महिन्यांचं पोर सोपवायचं म्हणजे एकीचा थकवा उचलून दुसरीच्या अंगावर टाकायचा.

ऑफिसचं पाळणाघर. मातृत्व लाभ कायद्यात २०१७ च्या दुरुस्तीने ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक केलं. ताईंच्या शाखेत नऊ माणसं. विषय संपला.

दादांना कायमची जनरल शिफ्ट. अर्ज द्यायचा ठरलं, पण त्यावर विसंबून राहायचं नाही असंही ठरलं.

धाकट्याचं रात्रीचं पाजणं कमी करणं. यावर बालरोगतज्ज्ञांचं मत घेतलं. वजन, वाढ व्यवस्थित, दिवसा तो सगळं खातो. तेव्हा पोषणासाठी रात्री पाजण्याची गरज नाही, दिवसा आणि झोपताना पाजणं खुशाल चालू ठेवा, असं त्यांनी सांगितलं. ताईंच्या मनात यावरून अपराधी भावना होती आणि ती डॉक्टरांच्या एका वाक्याने गेली नाही. दोन वर्षांपर्यंत आणि पुढेही स्तनपान चालू ठेवावं हा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आम्ही मोडत नाही आहोत, हे मला पुन्हा पुन्हा सांगावं लागलं.

आणि शेवटचा पर्याय, जो आम्ही निवडला: आधी ताईंची झोप घड्याळात पक्की लिहायची, रात्री पावणेदहा ते सकाळी सव्वापाच. मग दादांची, शिफ्टप्रमाणे. उरलेल्या तासांत जेवढं बसेल तेवढंच घरकाम. जे बसणार नाही ते विकत घ्यायचं, कमी करायचं किंवा सोडून द्यायचं.

काय केलं

सर्वांत आधी पाणी. नोंदवहीतला प्रत्येक पाण्याचा दिवस ताईंची तासाभराची झोप खात होता. प्लंबरने खालच्या टाकीत बॉल व्हॉल्व्ह बसवला, म्हणजे टाकी भरली की पाणी आपोआप बंद. इलेक्ट्रिशियनने मोटरला लेव्हल कंट्रोलर जोडला. वरची टाकी रिकामी झाली की मोटर चालू, भरली की बंद. पिण्याच्या पाण्यासाठी खालच्या पाइपलाच एक तोटी काढली आणि सकाळी सहाला, प्रेशर असेपर्यंत, तिथून भरायचं ठरलं. सगळं मिळून साधारण तीन हजार रुपये. चार वर्षं या घरात दिवसाआड कुणीतरी पहाटे उठत होतं, आणि तीन हजारांत ते थांबलं. समुपदेशनात आपण माणसांच्या मनाकडे बघतो, ते बरोबरच आहे; पण एकदा घरातल्या नळाकडेही बघावं.

मग शिफ्टप्रमाणे तीन वेळापत्रकं. इथे थोडं सविस्तर सांगते, कारण अशा घरांना एकच वेळापत्रक देऊन चालत नाही.

पहिल्या शिफ्टच्या आठवड्यात दादा चारच्या आत घरी येतात. मुलांना पाळणाघरातून आणणं आणि रात्रीचं जेवण पूर्णपणे त्यांचं. त्यांना खिचडी, पिठलं, अंड्याची भुर्जी आणि मुगाची आमटी येते. तेवढं पुरेसं आहे. पोळ्या कोपऱ्यावरच्या पोळी-भाजी केंद्रातून. ताई पावणेसातला येतात, साडेसातला जेवण, नऊला मुलं झोपतात. दादांना पहाटे उठायचं असतं, म्हणून या आठवड्यात रात्री बाळ उठलं तर ताई बघतात.

तिसऱ्या शिफ्टला दादा सकाळी ७:२० ला येतात. आधी ते धाकट्याला नऊपर्यंत सांभाळायचे आणि पेंगत राहायचे. एकदा तो पलंगावरून पडला होता. म्हणून पाळणाघर आठला उघडतं त्या वेळेलाच त्याला चालत नेऊन सोडायचं आणि दादांनी साडेआठ ते अडीच झोपायचं. या झोपेला ताईंच्या रात्रीच्या झोपेइतकाच मान द्यायचा: मोबाइल बंद, खिडकीला जाड पडदा, कुरिअर शेजारी. संध्याकाळची मुलं आणि स्वयंपाक पुन्हा दादांकडे.

खरा शोध लागला तो दुसऱ्या शिफ्टचा. हा आठवडा दोघांनाही सर्वांत वाईट वाटायचा, कारण संध्याकाळी ताई एकट्या आणि रात्री साडेबाराला पुन्हा उठणं. पण दादा येतात तेव्हा टक्क जागे असतात. कारखान्यातून आलेल्या माणसाला दोनपर्यंत झोप लागत नाही, हे त्यांच्याच वहीत लिहिलं होतं. मग बाराच्या पुढचं बाळ त्यांचं. पाजणं सोडवायला हाच आठवडा निवडला. ताई मोठीला घेऊन आतल्या खोलीत, दार लावून. दादा आणि धाकटा बाहेर. पहिल्या रात्री तो पाऊण तास रडला. दादांनी त्याला खांद्यावर टाकून ओट्यापासून दारापर्यंत येरझाऱ्या घातल्या. दाराआड ताई जाग्याच होत्या आणि त्यांनी मला दुसऱ्या दिवशी रडत फोन केला. बाळ सुरक्षित आहे, बापाच्या अंगावर आहे, त्याला एकटं सोडलेलं नाही, इतकंच मी सांगितलं. चौथ्या रात्री तो दहा मिनिटांत झोपला. आठवड्याच्या शेवटी एकदाच उठला आणि पाणी पिऊन झोपला. सकाळी मोठीला शाळेत पाठवणं मात्र या आठवड्यात ताईंचं, दादा नऊपर्यंत झोपतात.

ताट वाढायला उठण्याचं तेव्हाच संपलं. दादांनी ते कधी मागितलंच नव्हतं. ताईंच्या माहेरी आणि सासरी, दोन्हीकडे, कामावरून आलेल्या माणसाला उठून वाढायची रीत. "मला वाटायचं हिला आवडतं," दादा म्हणाले. आता कॅसरोलमध्ये पोळ्या आणि कुकरमध्ये भात असतो, ते घेऊन जेवतात.

मोठीची शाळा अख्खी दादांकडे गेली. कोणत्या दिवशी काय लागतं ते लक्षात ठेवणं, रिक्षाकाका, पालकांचा व्हॉट्सअॅप ग्रुप, सगळं. ताईंनी ग्रुप सोडायचा, ही अट मी घातली, आणि तीच पाळायला सर्वांत कठीण गेली. त्या रात्री उठून दप्तर तपासायच्या. तिसऱ्या आठवड्यात दादा चित्रकलेची वही विसरले, मोठीला वर्गात बसून नुसतं बघावं लागलं. ताईंना आदल्या रात्रीच दिसलं होतं आणि त्या काही बोलल्या नव्हत्या. दादांनी त्यानंतर वही विसरली नाही.

भांड्यांवरून मात्र अडलं. पावणेदहाला काम थांबवायचं तर भांडी रात्रभर राहणार, आणि खरकटी भांडी रात्रभर ठेवू नयेत हे सासूबाईंनी ताईंच्या मनावर बिंबवलेलं. ताईंनाही ते पटलेलं होतं. तो केवळ सासूचा धाक नव्हता, म्हणून मी त्याला हात घातला नाही. मार्ग निघाला तो असा की दादांनी आईला स्वतः फोन करून सगळं सांगितलं, बंडलाचं, स्कूटरचंही. सासूबाई म्हणाल्या, "पाण्यानं विसळून टबात घाल, मग खरकटी कुठं राहिली?" सकाळी सात वाजता भांड्यांना बाई येऊ लागल्या, महिना १,२००. पोळ्यांचे साधारण १,८००. ओव्हरटाइम महिन्याला दोनच गुरुवार. त्याने साडेचार हजार कमी आले. दादांना ते जड गेलं. त्यांनी गाडी घेण्याचा बेत वर्षभर पुढे ढकलला.

परिणाम

पाच महिन्यांनी पुन्हा आठवडाभर वही लिहून घेतली. ताईंची झोप सरासरी सहा तास वीस मिनिटं, अखंड तुकडा साधारण पाच तासांचा. सात तास अजून नाहीत. हिमोग्लोबिन ११.४. या काळात कॅश एकदाही कमी आली नाही, आणि ताई संध्याकाळी पुन्हा स्कूटरने येऊ लागल्या, तेही मधल्या काळात सिग्नलला पेंग आली नाही हे तपासून. दादांची तिसऱ्या शिफ्टमधली दिवसाची झोप साडेपाच तासांवर गेली.

सगळं सरळ झालं असं नाही. ऑगस्टमध्ये दोन्ही मुलांना एकापाठोपाठ ताप आला आणि वेळापत्रक दहा दिवस कोसळलं. सासूबाई तेव्हा आल्या होत्या, सासऱ्यांना नणंदेकडे ठेवून. त्या गेल्यावर घर आपोआप जुन्या वळणावर जात होतं. दादांनी पहिल्या दिवशीच "आजपासून पुन्हा तेच" म्हटलं आणि स्वयंपाकघरात गेले, असं ताईंनी सांगितलं. पहिल्या शिफ्टच्या आठवड्यात ताईंची झोप अजून कमी पडते. जनरल शिफ्टच्या अर्जाला उत्तर नाही. दिवाळीत पाळणाघर आठ दिवस बंद असतं, त्यातल्या चार दिवसांची रजा दादांनी आणि चार दिवसांची ताईंनी टाकली आहे.

भांडणं थांबली का, असं मला सहकारी विचारतात. होतात अजून. पण ती आता कशावरून होतात हे दोघांना माहीत असतं.

वेगळं काय करता आलं असतं

रक्ताची तपासणी पहिल्याच आठवड्यात व्हायला हवी. इथे ती तिसऱ्या आठवड्यात झाली. बाळंतपण होऊन दोन वर्षं न झालेली बाई थकवा सांगते तेव्हा हिमोग्लोबिन बघितल्याशिवाय पुढचं बोलणं सुरूच करू नये, असं मी आता आमच्या केंद्रात आग्रहाने सांगते.

सासूबाईंशी बोलणं आधी करता आलं असतं. सगळ्यांनी गृहीत धरलं होतं की त्या आडव्या येतील. प्रत्यक्षात त्यांना काही सांगितलंच गेलं नव्हतं, आणि सांगितल्यावर त्यांनी फोनवर एका वाक्यात वाट काढून दिली.

पाळणाघराच्या ताईंनाही बैठकीला बोलवायला हवं होतं. धाकटा तिथे दुपारी साडेतीनपर्यंत झोपायचा, म्हणून रात्री नऊला डोळा लागायचा नाही. हे आम्हाला फार उशिरा कळलं. एक ते दोन वर्षांच्या मुलाला दिवस-रात्र मिळून ११ ते १४ तास झोप लागते. दुपारची झोप दोनच्या आत संपवल्यावर तो रात्री आपणहून लवकर झोपू लागला.

आणि शाखेशी बोलणं. कॅश काउंटर सोडून दोन महिने पासबुक किंवा ठेवींच्या टेबलावर बसवा, अशी विनंती करायला ताई तयार नव्हत्या. बाई मूल झाल्यावर कामाची राहत नाही, असा शेरा कायमचा बसेल ही त्यांची भीती होती, आणि ती खोटी म्हणता येत नाही. आम्हीही जोर केला नाही. नंतर शाखाधिकारीच त्यांना म्हणाले की आधी सांगितलं असतं तर टेबल बदलून दिलं असतं. अशा प्रकरणात ज्याच्या हातात रोकड, यंत्र किंवा गाडी आहे त्याने ही विनंती झोप सुधारायची वाट न बघता, पहिल्याच आठवड्यात आणि लेखी करावी. डॉक्टरांची चिठ्ठी सोबत जोडली तर विनंतीला वजन येतं आणि शेरा बसण्याची शक्यताही कमी होते.